हिरव्या पानाचं पोतं

बदकवाल्या काकूंनी घमेलं टेबलावर आदळलं तेव्हा डॉक्टरीण एका पोपटाची नखं कापत होती. पोपटाच्या मालकानं एकदा घमेल्यात पाहिलं, एकदा काकूंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पिंजरा उचलून "मी नंतर येतो" म्हणत काढता पाय घेतला.

घमेल्यात बदकाची पिल्लं होती. पिवळी, धड पिसंही न फुटलेली. सगळ्यांच्या माना मागे वळलेल्या, पाय ताणलेले, जणू मरताना कुणी मागून ओढत होतं.

"घे," काकू म्हणाल्या. "तुझीच आहेत."

"काकू, आधी बसा तरी."

"बसायला नाही आले मी. काल लंगडत होती. वाटलं, थंडीनं असेल. आज दार उघडलं तर ही अशी पडलेली. उरलेली कोपऱ्यात धडपडतायत, त्यांचंही काही खरं नाही."

काकू कालव्यापलीकडे राहायच्या. गावातल्या बेकऱ्यांना बदकाची अंडी त्यांच्याकडूनच जायची. त्यांना कुणी कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि आजही त्या रडत नव्हत्या. नुसत्या उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, आणि त्या हातांची बोटं पांढरी पडली होती.

डॉक्टरिणीनं हातमोजे चढवले. पहिलं पिल्लू उताणं करून पोट उघडलं. काळीज, म्हणजे यकृत, गडद, तांबूस-तपकिरी असायला हवं होतं. ते फुगलं होतं आणि फिकट पिवळं पडलं होतं, साबणाच्या जुन्या वडीसारखं, आणि त्यावर रक्ताचे ठिपके. तिनं दुसरं उघडलं. तेच. तिसरं उघडताना तिच्या हाताला जाणवलं की आपण आता तपासत नाही आहोत, आपण उत्तर लांबवतो आहोत.

बुरशीचं विष. धान्य ओलं राहिलं की बुरशी धरते आणि ती बुरशी मागे एक विष सोडून जाते. दाणा वाळवला, पाखडला, दळला, तरी विष जात नाही. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. कोंबड्या बरेच दिवस निभावून नेतात, अंडी कमी घालतात, मलूल होतात, मालक हवामानाला दोष देत बसतो. बदकाची पिल्लं मात्र निभावत नाहीत. सगळ्यांत आधी तीच मरतात.

"खाद्य कुठलं घालता?" तिनं विचारलं.

काकू हसल्या. ते हसणं ऐकून डॉक्टरिणीला वाटलं, यापेक्षा शिव्या बऱ्या.

"मलाच विचार आता! तुमच्या मिलचं. हिरव्या पानाचं पोतं. वर तुझं नाव छापलंय ना मोठं? ते वाचून घेतलं मी. दाणेवाल्याच्या थोबाडावर विश्वास ठेवून नाही घेतलं."

त्या घमेलं तिथंच सोडून निघून गेल्या.

मिल वडिलांनी उभारलेली. कोंबड्यांचं खाद्य बनवायची साधी गिरणी. मका, पेंड, भुसा, शिंपल्यांचा चुरा. वडिलांच्या मागे दादानं ती वाढवली आणि धाकटी बहीण शिकून पक्ष्यांची डॉक्टर झाली. दोघांचं बरं चाललं होतं. गेल्या मोसमात हवा फार दमट राहिली, सगळीकडचा मका थोडा थोडा बिघडला, तेव्हा तिनंच डोकं चालवलं. हळद, भुईआवळी, काडेचिराईत आणि आणखी एकदोन पाले वाळवून, दळून, खाद्यात मिसळून पाहायचे. दवाखान्यामागच्या परसात तिनं तीन खुराडी घातली. एकात चांगलं धान्य, एकात बिघडलेलं, एकात बिघडलेलं आणि पाला. पाल्याच्या खुराड्यातल्या कोंबड्या बिघडलेल्या धान्यावरच्यांपेक्षा नक्कीच बऱ्या निघाल्या. खात होत्या, पिसं चकचकीत होती, काळीजही तितकं पिवळं पडलं नव्हतं. पण चांगल्या धान्यावरच्या कोंबड्यांच्या जवळपाससुद्धा त्या पोचल्या नव्हत्या.

हे तिनं दादाला नीट सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

"दादा, ऐक. सगळा माल अगदी कोरडा कधीच नसतो. कुठंतरी थोडं राहून जातं. तेवढ्यासाठी हा पाला. ही ढाल नाहीये, फार तर जाड कपडा आहे."

"कळलं गं," दादा म्हणाला होता. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मग पोती छापून आली. हिरवं पान, खाली तिचं नाव, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत, 'आता बुरशीची भीती नको!' ती मिलमध्ये जाऊन भांडली होती. दादा खुर्चीत मागे रेलून हसला होता. "अगं, जाहिरात आहे ती. परीक्षेचा पेपर नाही." पुढच्या छपाईला ओळ बदलतो म्हणाला होता. पुढची छपाई झाली, ओळ तशीच राहिली.

पण नुसत्या ओळीनं पिल्लं मरत नाहीत; मक्यातच काहीतरी असणार. डॉक्टरिणीनं हातमोजे काढले, दवाखान्याला कुलूप घातलं आणि स्कूटर थेट मिलच्या फाटकातून आत घातली.

आवारात ट्रक भरत होता. हमाल पाठीवर पोती घेऊन फळीवरून चढत होते आणि प्रत्येक पाठीवर ते हिरवं पान. तिला पाहून मुकादम पुढं आला. वडिलांच्या वेळचा माणूस. एरवी "या ताई, चहा सांगतो" असं म्हणणारा. आज त्यानं नुसती मान हलवली आणि नजर दुसरीकडे वळवली.

"मका कुठाय?" तिनं विचारलं.

"गोदामात की. कुठं असणार?"

"काका, मका कुठाय?"

मुकादमानं खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. मग मागच्या शेडकडे हनुवटी केली. "मी सांगितलं असं म्हणू नका."

मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पोत्यांची थप्पी होती, छताला टेकेल एवढी. ताडपत्री उचलताच वास आला. ओल्या सतरंजीचा, बंद तळघराचा. तिनं एका पोत्याची शिवण उसवून कोपरापर्यंत हात आत घातला. आत ऊब होती. झोपलेल्या जनावराच्या पोटाला असते तशी ऊब. मूठभर दाणे बाहेर काढले तर ते एकमेकांना चिकटून गोळा झाले होते आणि टोकांशी हिरवट करडी भुकटी होती. बोटांना लागून राहिली ती.

ती गोळा मुठीत धरून तशीच दादाच्या केबिनमध्ये शिरली आणि टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी, तो ठेवला.

दादानं पाहिलं. चहाचा कप थोडा बाजूला सरकवला.

"हे काय?"

"तू सांग काय ते."

"बंदराजवळच्या गोदामात पाणी शिरलं होतं. मालक काढून टाकत होता. स्वस्तात मिळाला. वाळवलाय आम्ही."

"वाळवलाय? हात घाल पोत्यात. भाकऱ्या भाजून निघतील!"

"ओरडू नकोस. बाहेर माणसं आहेत."

"असू देत माणसं! हा मका तू कोंबड्यांना घालतोयस? हा?"

आणि तेव्हा दादानं ते वाक्य म्हटलं. अगदी शांतपणे, समजुतीच्या सुरात, लहान बहिणीला गणित समजावावं तसं.

"तुझा पाला आहे ना त्यात. आणि दुप्पट घातलाय, हं. कंजूषपणा नाही केला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ते पाले स्वतःच्या हातानं खुडले होते, सावलीत वाळवले होते. परसातल्या एकेका कोंबडीवर खूण करून वजनं घेतली होती. थोडा त्रास कमी व्हावा म्हणून. आणि या माणसानं त्याचाच परवाना करून टाकला होता. पाला नसता तर तो हा मका घ्यायला धजला नसता. हे तिच्या डोक्यात लख्ख उमटलं आणि त्यासरशी राग आणखी वर चढला, कारण आता त्यात आपलाही हात दिसत होता.

"मी काय म्हटलं होतं तुला? जाड कपडा म्हटलं होतं. तू माणसाला जाड कपडा घालून विस्तवात ढकललंस आणि वर म्हणतोस, कपडा दुप्पट घातलाय!"

"हे बघ, तू डॉक्टर आहेस, मला धंदा बघायचाय. हमाल, ड्रायव्हर, मशीनवाले, सगळ्यांच्या चुली..."

"काकूंची पिल्लं मेलीत."

दादानं कपाकडे नेलेला हात मागे घेतला.

"आज सकाळी. माझ्या टेबलावर पडलीत. मी उघडून पाहिलीत. उरलेलीही मरतील. मग दुसऱ्या कुणाची तरी. पोती परत मागव दादा. सगळी. आत्ता."

दादा खिडकीतून बाहेर भरणाऱ्या ट्रककडे बघत राहिला. तिला वाटलं, आता हा उठेल. आता बाहेर जाऊन ट्रक थांबवेल. लहानपणी चूक झाली की तो असाच थोडा वेळ गप्प राहायचा आणि मग मान्य करायचा.

"बदकं नाजूकच असतात," तो म्हणाला. "काकूंनी पाणी बदललं नसेल."

तिनं तो गोळा उचलून पिशवीत टाकला, केबिनबाहेर आली, मिक्सरपाशी गेली आणि लाल बटण दाबलं. घरघर थांबली. मिलभर एकदम अशी शांतता पसरली की हमालही वळून बघायला लागले. दादा मागोमाग आला आणि त्यानं हिरवं बटण दाबलं. तिनं पुन्हा लाल दाबलं. त्यानं हिरवं. चारचौघांत, मोठी माणसं, स्विचवरून भांडणारी भावंडं. मशीनवाल्याला हसावं की पळावं कळेना. शेवटी दादा बटणासमोर पाठ करून उभा राहिला.

"घरी जा," तो म्हणाला.

"जाते. पण घरी नाही जात."

ती खरोखरच घरी गेली नाही. स्कूटरवरून ती एकेका पोल्ट्रीवर गेली. जिथं हिरव्या पानाचं पोतं दिसलं तिथं थांबली, पिशवीतला मक्याचा गोळा तळहातावर घेऊन दाखवला, म्हणाली, हे बंद करा, साधं धान्य घाला, पिल्लांना तर अजिबात देऊ नका. काहींनी ऐकलं. काहींनी विचारलं, "पण तुमचंच नाव आहे ना त्यावर?" "हो, आहे," एवढंच ती म्हणायची आणि पुढच्या शेडकडे निघायची.

संध्याकाळी आईचा फोन आला. आई दादाकडे राहायची.

"काय चालवलंयस तू? भावाला रस्त्यावर आणायचंय का?"

"आई, तो विष विकतोय."

"तो माझ्याशी खोटं बोलत नाही. म्हणाला, थोडा माल ओला निघालाय, बघतो. घरातलं भांडण घरात मिटवायचं असतं. तू दारोदार बोंब मारत सुटलीस!"

"घरातलं असतं तर घरात मिटवलं असतं. काकूंची बदकं काय आपल्या घरातली होती?"

आईनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली. डोंगराच्या पायथ्याशी एक मोठी पोल्ट्री होती. तिथला मालक भोंगा म्हणून ओळखला जायचा, कारण तो कुजबुजला तरी दोन शेड पलीकडे ऐकू यायचं. त्याच्या कोंबड्यांची अंडी निम्म्यावर आली होती आणि कवचं इतकी पातळ की उचलताना बोट आत जायचं. ती आत शिरताच तो गरजला.

"या! आता काय घेऊन आलात? पाल्यावर उतारा?"

"पाल्यावर? तुमच्या मक्याला बुरशी..."

"मक्याचं मला नका सांगू. तुमचा दादा काल स्वतः येऊन गेला. भला माणूस, माफी मागत होता. म्हणाला, बहिणीनं पाल्याचं प्रमाण चुकवलं. शिकलेली आहे, म्हणून विश्वास ठेवला. नवा माल बिनपाल्याचा देतो म्हणाला."

ती शेडच्या दारात उभीच राहिली. आतल्या शेकडो कोंबड्या एका सुरात कुरकुरत होत्या. भोंगा आणखी बरंच काही बोलत होता, पण ते तिच्या कानांवरून गेलं. दादानं सगळं खापर तिच्या माथ्यावर फोडलं होतं. ओला मका खपवायला पाला, मका बाधला तर दोष पाल्याचा, आणि तोच ओला मका आता पाल्याशिवाय, म्हणजे होता नव्हता तो जाड कपडाही काढून, विकायचा!

"अहो, ऐकताय ना?" भोंगा म्हणाला. "उद्या सकाळी मिलवर बोलावलंय सगळ्यांना. तुमचा दादा सगळं समजावून सांगणार आहे."

"मलाही समजावून घ्यायचंय," ती म्हणाली.

सकाळी मिलच्या आवारात पोल्ट्रीवाले जमले होते. काही मोटारसायकलींवर बसून, काही रिकाम्या पोत्यांवर. काकूही आल्या होत्या, एकट्या भिंतीशी उभ्या. वहिनी चहाचा ट्रे घेऊन फिरत होती आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मधोमध टेबलावर दादानं पाल्याच्या भुकटीचा डबा उघडा ठेवला होता. जणू चोर पकडून चौकात बसवलाय.

"आपण घरचीच माणसं," दादा सांगत होता. "माझ्याकडून एकच चूक झाली. घरातल्या माणसावर डोळे झाकून विश्वास ठेवला. ही भुकटी..."

गर्दी बाजूला सारत डॉक्टरीण टेबलापाशी आली. दादा बोलायचा थांबला.

"बोल ना," ती म्हणाली. "ही भुकटी काय?"

"हे बघ, आत्ता नको."

"आत्ताच. ही भुकटी विषारी आहे, असंच ना?"

"प्रमाण जास्त झालं असं म्हणतोय मी."

"बरं. जास्त म्हणजे किती?"

तिनं डब्यात हात घातला, मूठभर भुकटी काढली आणि तोंडात कोंबली. एक बारीकसा ओरडा झाला. तो वहिनीचा होता. काडेचिराईताचा कडूपणा काय असतो हे ज्यानं चाखलंय त्यालाच माहीत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ठसका लागला, ओठांच्या कोपऱ्यांतून पिवळी लाळ गळाली, पण ती चावत राहिली. कुणी पाणी पुढं केलं. तिनं हातानं ते बाजूला सारलं आणि कोरडीच भुकटी गिळली.

"मी माझं खाल्लं," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "आता तू तुझं खा."

तिनं पिशवीतून मक्याचा तो गोळा काढला. हिरवट, चिकटलेला. डब्याशेजारी ठेवला.

त्या गोळ्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत पोचला असावा, कारण एकानं नाकाशी बाही नेली. सगळे दादाकडे बघत होते आणि दादा गोळ्याकडे.

तिला वाटलं होतं, तो आता खाली बघेल. हात वर करेल. काहीतरी पुटपुटत केबिनमध्ये जाईल. गेले दोन दिवस ती याच घटकेची वाट बघत होती. त्याचं तोंड कसं पडेल, हे तिनं मनाशी पुनःपुन्हा पाहिलं होतं.

पण ही भावंडं एकाच आईची होती. दादाचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या, आणि त्यानं तो गोळा उचलून मोडला आणि अर्धा तोंडात टाकला.

"बघा!" तो भरल्या तोंडानं ओरडला. "खातोय! काही होत नाही! बघा!"

आणि कडाकडा चावायला लागला.

वहिनीच्या हातातून ट्रे पडला. "थुंका! अहो, थुंका ते!" दादानं नकारार्थी मान हलवली, चावत राहिला. त्याच्या डोळ्यांतही पाणी होतं, ते कडूपणाचं नव्हतं. डॉक्टरीण टेबलाला वळसा घालून गेली आणि तिनं थोरल्या भावाच्या मुस्काटात ठेवून दिली.

इतक्या जोरात की दाणे उडाले, काही टेबलावर, काही भोंग्याच्या शर्टावर.

"थुंक!" ती किंचाळली. "थुंक, गाढवा! त्यानं पिल्लं मेलीत! तूही मरशील का आता, खोटं खरं करायला?"

दादा गालावर हात ठेवून उभा राहिला. मग वाकला आणि थुंकला. एकदा, दोनदा. नळावर जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, बोटं घालून घशातलं काढलं. सगळे बघत होते. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मोठ्यानं रडत होती.

भिंतीशी उभ्या असलेल्या काकू तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"स्वतःच्या बाईनं म्हटल्यावर थुंकला नाहीस. बहिणीनं मारल्यावर थुंकलास. माझ्या पिल्लांना कोण सांगणार होतं रे, थुंका म्हणून?"

दादा नळाशीच खाली बसला, ओल्या फरशीवर, आणि उठला नाही.

भोंगा शर्टावरचे दाणे झटकत मुकादमापाशी गेला आणि पोती परत कुठं आणायची ते विचारलं. मुकादमानं दादाकडे पाहिलं. दादानं होकारार्थी मान डोलावली. दुपारपासून मोटारसायकलींवर, हातगाड्यांवर, टेम्पोतून हिरव्या पानांची पोती परत यायला लागली. ते खाद्य आणि शेडमधला ओला मका जाळला तर नुसता धुमसेल आणि धुरातून बुरशी पसरेल म्हणून डॉक्टरिणीनं मिलमागे खोल खड्डा खणायला लावला. दाणे ओतायचे, वर चुना, पुन्हा दाणे. तोंडाला फडकी बांधून हमाल काम करत होते. तिनंही फावडं घेतलं. थोड्या वेळानं पलीकडच्या कडेला दादाही फावडं घेऊन उभा राहिला.

दोघं दाणे ओतत होती. मग तो म्हणाला, "तोंड अजून कडू आहे का?"

"हो."

"माझा गाल पण..."

"दादा, हसवायला बघू नकोस," ती म्हणाली. "मला हसायचं नाहीये."

तिनं फावड्यावर रेलून श्वास घेतला. "तू माझ्यावर ढकललंस ना, ते एक वेळ मी गिळेन. पण मका ओला आहे हे माहीत असताना तू तो बिनपाल्याचा विकायला निघाला होतास. माझं नाव काढून. म्हणजे तुला माहीत होतं पाल्याचा दोष नाही. सगळं माहीत होतं तुला. याचं मी काय करू, ते तूच सांग."

दादानं चुन्याचं पोतं उचललं आणि खड्ड्यात रिकामं केलं.

"काकूंकडे जा," ती म्हणाली. "माझ्याशी नंतर बोल."

तो गेला. तिथं काय झालं ते तिला वहिनीकडून कळलं, कारण दादा स्वतः सांगण्यातला नव्हता. काकूंनी त्याला दारातच उभं ठेवलं. पैसे पुढं केले तर म्हणाल्या, ठेव त्या कट्ट्यावर, ते लागणारच आहेत, पण त्यानं काही फिटलं असं समजू नकोस. मग बदकांच्या डबक्याकडे बोट दाखवलं. गाळ साचलाय, म्हणाल्या, नव्या पिल्लांसाठी साफ करायला हवा, आणि माझी कंबर आता वाकत नाही. दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला. काकू काठावर स्टूल टाकून बसल्या आणि राहिलेला कोपरा बोटानं दाखवत राहिल्या. घरी आला तेव्हा मांड्यांपर्यंत काळा चिखल होता आणि आईनं त्याला अंगणातच अंघोळ घातली, लहान मुलाला घालावी तशी.

"आता तरी बोला त्यांच्याशी, ताई," वहिनी म्हणाली. ती दवाखान्यात आली होती, पदराखाली काही लपवून आणल्यासारखी गुपचूप. "जेवत नाहीत धड. मिलमध्ये पहिला ट्रक आला मक्याचा, तर स्वतः वर चढून प्रत्येक पोत्यात हात घातला. निम्मा माल परत पाठवला."

"चांगलं केलं."

"मग?"

डॉक्टरीण लशीच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात भरत होती. भोंग्याच्या नव्या पिल्लांना लस द्यायची होती.

"वहिनी, मला अजून राग आहे," ती म्हणाली. "सकाळी उठते तेव्हा असतो, रात्री झोपते तेव्हा असतो. मी मुद्दाम धरून नाही ठेवलेला. जाईल तेव्हा जाईल."

"आणि नाही गेला तर?"

तिनं डब्याचं झाकण लावलं, पट्टा खांद्यावर घेतला आणि किल्ल्या शोधायला लागली.

"तर तसाच घेऊन येईन जेवायला," ती म्हणाली. "आईला सांगा, रविवारी येते."